पंधरा अँपिअरचा एक पॉइंट

परवडणारी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल, तर शोरूममध्ये जाण्याआधी आपल्या पार्किंगमध्ये जाऊन उभं राहावं. मीटर रूम कुठे आहे, तिथून आपल्या जागेपर्यंत किती मीटर केबल लागेल, वाटेत कोणाकोणाच्या गाड्या आहेत आणि त्यांतलं कोण कमिटीवर आहे, हे आधी बघावं. बॅटरी किती युनिटची, रेंज किती, रंग कोणता, हे सगळं नंतर. शोरूममधला कुणीही हे सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

गाडीबद्दल माझी तक्रार नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच नाही, गिअर नाही, सिग्नलला इंजिनाची घरघर नाही. कात्रजच्या उतारावर ब्रेकला फारसा पाय लावावा लागत नाही आणि उतरताना बॅटरीत थोडी वीज परतही येते. ऑइल बदलायचं नाही, पीयूसी काढायची नाही. सकाळी गाडी काढताना शेजारच्या बाळाची झोप मोडत नाही. एवढी शहाणी वस्तू मध्यमवर्गाच्या हातात यायला इतकी वर्षं का लागली, असं वाटावं अशी ती गाडी आहे. तक्रार आहे ती तिच्या भोवतालच्या सगळ्या व्यवस्थेबद्दल. आणि ती बारीकसारीक तक्रारींचीच बनलेली असल्यामुळे कुणी ऐकून घेत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये टाटांची टिआगो ईव्ही ८ लाख ४९ हजारांच्या सुरुवातीच्या किमतीला आली, २०२३ मध्ये एमजीची कॉमेट ७ लाख ९८ हजारांना आली. त्याआधी इलेक्ट्रिक कार हा साधारण बारा लाखांचा आणि त्यापुढचा विषय होता. या दोन गाड्यांनी तो शिक्षक, बँकेतला कारकून, निवृत्त माणूस यांच्या आवाक्यात आणला. केंद्राने १ ऑगस्ट २०१९ पासूनच इलेक्ट्रिक गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला होता. महाराष्ट्रात मोटार वाहन कर माफ. म्हणजे विकत घेईपर्यंत सरकारने हात दिला, हे मान्य करायलाच हवं.

पण आठ-नऊ लाखांची गाडी घेणारा माणूस राहतो कुठे? फ्लॅटमध्ये. पार्किंग कॉमन किंवा स्टिल्टमध्ये, मीटर जिन्याखालच्या खोलीत. घरच्या विजेवर गाडी चालवा, किलोमीटरला दीड रुपयाच्या आत खर्च येईल, असं जे गणित जाहिरातीत असतं, ते त्या माणसाचं नाही. ते बंगलेवाल्याचं आहे. त्याच्या पोर्चमध्ये पॉइंट असतो, छतावर सोलर असतो आणि गाडी बहुधा पंचवीस लाखांची असते.

माझ्या गाडीला घरी चार्ज व्हायला लागतो पंधरा अँपिअरचा एक पॉइंट. एसीला किंवा गिझरला असतो तोच, तीन भोकांचा, जाड पिनेचा. गाडीबरोबर जो चार्जर येतो तो त्यात लावायचा आणि झोपायला जायचं. तो ओढतो तीन किलोवॉटच्या आसपास, म्हणजे एका मोठ्या गिझरइतका. गिझर लावताना आपण कुणाची परवानगी मागितली होती? या पॉइंटसाठी मात्र मला अर्ज करावा लागला.

अर्जाचं पुढे काय होतं हे ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे. तो आधी सेक्रेटरींच्या फाइलमध्ये जातो. मग मासिक बैठकीत ‘वेळेअभावी’ मागे राहतो. मग कमिटी म्हणते, हा विषय सर्वसाधारण सभेत घेऊ. सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा. सभेत पाण्याचा टँकर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि थकबाकीदार यांत दोन तास जातात, आणि ‘ऐनवेळचे विषय’ येतात तेव्हा निम्मे लोक चहाला उठलेले असतात.

“तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील,” सेक्रेटरी म्हणाले.

“मागतीलच, साहेब. म्हणून तर आत्ताच नीट व्यवस्था करू या ना.”

“ट्रान्सफॉर्मर बसायला लागला तर पैसे कोण देणार?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मात्र सभेत नसतं, इलेक्ट्रिशियनकडे असतं. इमारतीचा मंजूर भार किती, रात्री अकरा ते पहाटे पाच यात प्रत्यक्ष वापर किती, हे मोजायला एक माणूस आणि एक रात्र पुरते. रात्री गिझर बंद, लिफ्ट उभी, पाण्याचा पंप बंद. त्या वेळेत पाच-सहा गाड्या चार्ज झाल्या तरी बहुतेक इमारतींना ते सहज झेपतं, आणि झेपत नसेल तर तेही मोजल्यावरच कळेल. मी माझ्या खर्चाने मोजणी करून आणतो म्हणालो. त्यावर ठरलं की, मोजणी करायची की नाही याचा निर्णय पुढच्या बैठकीत घेऊ.

मग आगीचा विषय निघाला. याला मी हसणार नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या, त्यांचे व्हिडिओ प्रत्येकाने पाहिले आणि भीती मनात बसली. त्याच वर्षी केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू केले, हे मात्र कुणाच्या फॉरवर्डमध्ये आलं नाही. आणि आगीची भीती खरी असेल, तर मीटरपासून स्वतंत्र जाड केबल, योग्य एमसीबी, चांगलं अर्थिंग असा रीतसर पॉइंट देणं हाच त्यावरचा उपाय आहे. परवानगी अडवली की लोक पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडतात. आमच्याच गल्लीतल्या एका इमारतीत ती वायर रोज रात्री लोंबकळते. तासन् तास तीन किलोवॉट ओढून तसला बोर्ड वितळतो. सुरक्षेच्या नावाखाली आपण लोकांना सगळ्यात असुरक्षित वाटेवर ढकलतो आहोत, हे कमिटीवरच्या सुशिक्षित माणसांना कळत नसेल असं मला वाटत नाही. जबाबदारी अंगावर नको, एवढंच कारण असतं.

कायद्यात खोट आहे म्हणावं, तर तसंही नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय की, गाडीमालक आपल्या घरी किंवा कार्यालयात असलेल्या वीजजोडणीवरच गाडी चार्ज करू शकतो. त्याच वर्षी राज्याच्या सहकार खात्यानेही गृहनिर्माण संस्थांना अर्ज आल्यापासून सात दिवसांत ना हरकत द्यायला सांगितलं. सात दिवस! ते परिपत्रक मी छापून अर्जाला जोडलं. “परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे,” असं उत्तर आलं. पार्किंगचं भाडं वाढवायचं असतं तेव्हा मात्र परिपत्रक पुरतं.

घरी पॉइंट नसेल तर माणूस बाहेर जातो, आणि इथून खिशाला खरी कात्री लागते.

बाहेरच्या चार्जिंगचा दर माझ्या भागात युनिटला वीस रुपयांच्या पुढे-मागे आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी. घरातल्या विजेवर जीएसटी नाही. हा फरक आला कुठून? एप्रिल २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की, गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नसून सेवा आहे. हेतू चांगला होता. वीजविक्री म्हटली असती तर प्रत्येक चार्जिंगवाल्याला वितरणाचा परवाना काढावा लागला असता आणि एकही केंद्र उभं राहिलं नसतं. पण सेवा म्हटल्याबरोबर सेवेवरचा कर लागला. गाडीवर ५ टक्के, चार्जरच्या यंत्रावर ५ टक्के, आणि त्या यंत्रातून गाडीत जाणाऱ्या विजेवर १८ टक्के! हा कर भरतो कोण? बंगलेवाला नाही. ज्याला पार्किंगमध्ये पॉइंट मिळाला नाही तो भरतो.

हिशेब करून पाहा. छोटी गाडी शहरात एका युनिटमध्ये साधारण आठ किलोमीटर जाते. बाहेरच्या दराने आणि कराने किलोमीटरला तीन रुपये पडतात. सीएनजीवाल्याचा खर्च याच्या आसपासच जातो, आणि त्याची गाडी आपल्यापेक्षा दीड-दोन लाखांनी स्वस्त असते. म्हणजे पॉइंट नसलेल्या माणसाने इलेक्ट्रिक गाडी घेऊन वाचवलं काय? पंपावरची रांग फक्त. तीही नाही, कारण आता चार्जिंगच्या रांगेत उभं राहावं लागतं.

त्या रांगेबद्दलही बोललं पाहिजे. फास्ट चार्जर म्हणजे साठ किलोवॉटचं यंत्र, दोन गन. छोटी गाडी त्यातून वीस-पंचवीस किलोवॉटच घेऊ शकते, बॅटरीच तेवढी असते. दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत जायला जवळजवळ तास लागतो, ऐंशीच्या पुढे तर वेग फारच मंदावतो. मागे मोठी गाडीवाला उभा असतो. त्याची गाडी त्याच वेळात दुप्पट-तिप्पट वीज घेऊन निघून जाऊ शकते. तो काचेतून बघत राहतो आणि थोड्या वेळाने येऊन विचारतो, “अजून किती?” मी आकडा सांगतो. तो घड्याळ बघतो. त्याचा दोष नाही, माझाही नाही. एका रस्त्यावर एकच यंत्र लावून मोकळं होणाऱ्याचा आहे.

आणि पैसे देण्याची पद्धत! चार्जिंगच्या प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप आहे. प्रत्येकात नोंदणी, ओटीपी, गाडीचा नंबर, मग वॉलेट. वॉलेटमध्ये आधी शंभर-दोनशे रुपये टाका, मग यंत्र सुरू होईल. एकशे त्र्याऐंशी रुपयांची वीज घेतली की सतरा रुपये त्या वॉलेटमध्ये अडकले. पुढच्या गावी दुसरी कंपनी, दुसरं वॉलेट. अशी सुट्टी रक्कम माझ्या फोनमध्ये किती ठिकाणी पडून आहे, हे मी आता बघतही नाही. ज्या देशात शहाळेवाला, चांभार आणि देवळाची दानपेटी यूपीआय घेते, त्या देशात लाखो रुपयांच्या यंत्राला एक क्यूआर कोड का चिकटवता येऊ नये? कोड असतोही काही यंत्रांवर, पण तो स्कॅन केला की ॲप उतरवायला सांगतो.

त्यात यंत्र बसवतात मॉलच्या दुसऱ्या तळघरात. तिथे मोबाइलला रेंज नाही. ॲपला इंटरनेट हवं, यंत्रालाही हवं. गन लावायची, पायऱ्या चढून रॅम्पवर यायचं, तिथे एक काडी रेंज मिळते, ‘सुरू करा’ दाबायचं, पुन्हा खाली जाऊन बघायचं की सुरू झालं का. स्क्रीनवर ‘गाडीशी संपर्क होत नाही’ असं आलं, तर गन काढून पुन्हा लावायची आणि पुन्हा वर. एकदा तळघरातला सफाई कामगारच म्हणाला, “काका, ते बंद आहे गेल्या आठवड्यापासून.” ॲपमध्ये ते हिरवं दिसत होतं. नकाशावर हिरवा ठिपका दिसला म्हणून बॅटरीचे शेवटचे टक्के खर्चून तिथवर गेलेल्या माणसाची काय अवस्था होते, हे तो ठिपका लावणाऱ्याला कधी भोगावं लागत नाही. हेल्पलाइन असते. तिथली मुलगी नम्रपणे सांगते की, ‘तुमची तक्रार नोंदवली आहे.’

चालू यंत्र मिळालं तरी त्याच्यापुढे पेट्रोलची गाडी लावलेली असते. “दोन मिनिटांत काढतो,” म्हणणारा माणूस सिनेमा बघून येतो. अपंगांसाठी राखीव जागेचीही आपल्याकडे हीच गत आहे, तेव्हा नवल वाटायला नको. पण पेट्रोल पंपाच्या नोझलसमोर कुणी गाडी लावून जातं का? तिथे पंपावरचा पोरगा हाकलतो. चार्जिंगच्या जागेवर माणूसच नसतो.

पीएम ई-ड्राइव्ह योजनेत केंद्राने सार्वजनिक चार्जिंगसाठी २ हजार कोटी रुपये ठेवले आहेत. सगळ्या कंपन्यांसाठी मिळून एकच ॲप असावं, म्हणून भेलकडे कामही दिलं आहे. ते व्हावं. पण त्या पैशातून जितकी यंत्रं लागतील, तितकी चालू राहतात की नाही हे बघणारा माणूसही त्याच पैशातून नेमा. यंत्र बसवल्याचा फोटो पेपरात येतो, बंद पडल्याचा येत नाही.

घरी पॉइंट मिळाला की सुटलो, असंही नाही. मला शेवटी मिळाला, तेव्हा बिलाने वेगळीच गंमत दाखवली. आपल्याकडे घरगुती वीज टप्प्यांनी महागते: शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. घराचा वापर दोनशे-अडीचशे युनिट असेल आणि महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालवली, तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून आणखी दीडशेच्या आसपास युनिट लागतात. म्हणजे गाडीच्या विजेचा बराच हिस्सा तीनशेच्या वरच्या महाग टप्प्यात जातो. पेट्रोल वाचवा, धूर कमी करा, असं सांगणारं सरकार आणि जास्त वीज जाळली म्हणून वरचा दर लावणारं दरपत्रक, दोघंही एकाच घरावर लागू होतात. गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळ्या दराची वेगळी जोडणी घेता येते, पण त्यासाठी दुसरा मीटर हवा, मीटरला भिंत हवी, आणि भिंत सोसायटीची. पुन्हा अर्ज.

गावी जायचं म्हटलं की वेगळंच. साताऱ्याकडच्या आमच्या घरी पंधराचा पॉइंट आहे, पण अर्थिंग नावालाच. चार्जरला ते चालत नाही. तो लाल दिवा लावून बसतो आणि एक थेंब वीज घेत नाही. यात चार्जरचं बरोबर आहे, माणसाचा जीव वाचवायलाच तो तसा केलेला आहे. गावच्या वायरमनला बोलावलं तर तो म्हणाला, “दादा, तीस वर्षं झाली, आमचं काय अडलं नाय.” शेवटी अंगणात खड्डा घेतला, मीठ-कोळसा घालून नवी पट्टी पुरली, तेव्हा दिवा हिरवा झाला. घरातल्या फ्रिजला आणि मोटारीलाही त्यामुळे पहिल्यांदाच खरं अर्थिंग मिळालं. गावोगावी हे काम कुणीतरी हाती घ्यायला हवं, गाडी असो वा नसो.

रस्त्यावरच्या सवलतीचंही ऐका. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी जाहीर झाली. ऑगस्टमध्ये अंमलबजावणी सुरू झाल्याचं सांगितलं गेलं. तरीही फास्टॅगमधून पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी येत राहिल्या. इतक्या की हिवाळी अधिवेशनात विधानसभेत विषय निघाला आणि घेतलेला टोल परत करायला सांगावं लागलं. हिरवी नंबरप्लेट कॅमेऱ्याला दिसावी, म्हणूनच ती हिरवी केली ना? मग गाडीमालकाने कागदपत्रांचे फोटो कशाला पाठवायचे? त्याच धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलं आहे. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे. छोट्या बॅटरीची गाडी घेऊन नागपूरला निघालेल्या कुटुंबाला विचारा, पोरांना घेऊन ते पुढचं यंत्र शोधत कसे जातात.

लोकांच्या प्रश्नांबद्दल एवढंच म्हणेन, की ते प्रेमानेच विचारतात. लिफ्टमध्ये, लग्नात, दवाखान्यात. “एका चार्जमध्ये किती जाते?” आणि “बॅटरी बदलायला किती येतो?” पहिल्याला मी खरा आकडा सांगतो, कंपनीचा नाही. दुसऱ्याला सांगतो की, साधारणपणे आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते. त्यावर ते मान हलवतात आणि म्हणतात, “तरी पण...” या ‘तरी पण’ला माझ्याकडे उत्तर नाही, कारण त्यांच्याही पार्किंगमध्ये पॉइंट नाही, आणि खरी अडचण ती आहे हे त्यांना ठाऊक आहे.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. चार्जिंगवरचा १८ टक्के कर गाडीवरच्या कराइतका, ५ टक्के करा. प्रत्येक यंत्रावर थेट यूपीआय घ्या. बंद यंत्र नकाशावर लाल दाखवा. आणि गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीवर असलेल्या वाचकांना हात जोडून सांगतो: तुमच्या फाइलमध्ये असा एखादा अर्ज नक्की पडलेला असेल. सर्वसाधारण सभेची वाट बघू नका. या रविवारी इलेक्ट्रिशियनला बोलवा, भार मोजा, अर्थिंग तपासा, केबल मीटरपासून रीतसर ओढायला सांगा आणि सही करून टाका. खर्च अर्जदार करणार आहे.